चार जीबी रॅम आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा देणं थांबवलं. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण तीही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. मग विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर त्याच्या अटी जुन्या यंत्राला झेपत नाहीत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. २०१३-१४ साली घेतलेल्या लॅपटॉपमध्ये तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा आय-थ्री असतो. त्याचा पडदा शाबूत, कीबोर्ड शाबूत, प्रोसेसरही शाबूत. तरी दुकानात नेला की निकाल ठरलेला: "आता याच्यात काही रायलं नाही भाऊ, नवा घ्या."

हा निकाल घाईचा आहे, आणि तो किती घरांना परवडत नाही हे नांदगाव पेठसारख्या गावात लगेच कळतं. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की महामार्गावर लागणारं हे गाव. इथं पंचतारांकित एमआयडीसी आहे, टेक्स्टाइल पार्क आहे, १,३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. या पट्ट्यातल्या नोकरदाराच्या घरी एकच लॅपटॉप असतो. मोठ्याने तो डिप्लोमाला वापरलेला असतो, आता धाकटीला महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, विद्यापीठाचा निकाल बघायला, प्रोजेक्ट टाइप करायला, यूट्यूबवर गणित बघायला हवा असतो. बापाला सातबारा काढायचा असतो. ही सगळी कामं ब्राउझरमध्ये आणि एका लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये होतात. त्यासाठी ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅमचं यंत्र आजही पुरतं, फक्त त्यावर लिनक्स हवं.

मात्र लिनक्स टाकण्याआधी कुणी टाकू नये, ते सांगतो. नंतर सांगितलं तर उपयोग नसतो.

तुमची रोजीरोटी टॅलीवर असेल, तर विंडोज काढू नका. टॅली विंडोजसाठीच बनतं. लिनक्सवर ते आडमार्गाने चालवता येतं, पण जीएसटीच्या शेवटच्या तारखेला आडमार्ग कामाचा नाही. तुमचं पत्रिका-बॅनरचं दुकान असेल आणि काम कोरल ड्रॉ व श्रीलिपीवर असेल, तर त्यालाही हेच उत्तर. ठेक्याची निविदा डिजिटल सहीच्या टोकनने भरत असाल, तर त्या टोकनचा लिनक्सवरचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहा. टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी चालू असेल, तर परीक्षेचं सॉफ्टवेअर कशावर चालतं ते आपल्या संस्थेत विचारा. आणि प्रिंटर! गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात आणि शाळेच्या ऑफिसात कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर ठाण मांडून बसलेला असतो. तो कॅननच्या कॅप्ट नावाच्या खास भाषेत बोलतो आणि लिनक्सवर त्याला चालू करताना जाणत्यालाही घाम फुटतो. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना मात्र एचप्लिप या तयार संचामुळे फारसा त्रास होत नाही. घरात प्रिंटर असेल तर त्याचं मॉडेल आधी बघून घ्यावं.

यातलं काही तुम्हाला लागू नसेल, तर पुढे चला.

लिनक्स हे नेमकं काय, ते थोडक्यात. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. संगणकाची सगळी सिस्टीम अशी लिहायची की ती कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता यावी, हा त्यामागचा हेतू. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीत लायनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने यंत्राशी थेट बोलणारा गाभा लिहिला, तो लिनक्स. गाभा, ग्नूची साधनं, खिडक्या-मेनू, ब्राउझर, ऑफिस असं सगळं एकत्र बांधून लोकांच्या हाती देतात, त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा नुसतंच डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ चं, त्यावर उभं राहिलेलं उबुंटू २००४ चं, आणि उबुंटूवर उभं राहिलेलं लिनक्स मिंट २००६ चं. निवड करायची ती यांतली.

कमी ताकदीच्या यंत्रावर लिनक्सने मराठी मुलांना शिकवल्याचं एक जुनं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाची वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. त्या यंत्राचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा होता, रॅम २५६ एमबी, आणि साठवण अवघी १ जीबी. त्यावर फेडोरा लिनक्सची छाटलेली आवृत्ती चालायची आणि वर 'शुगर' नावाचा मुलांसाठी बनवलेला पडदा. विसेक पोरं त्यावर लिहायची, फोटो काढायची, चित्रं काढायची. तुमच्या घरी अडगळीत पडलेल्या लॅपटॉपची रॅम त्याच्या सोळापट आहे. तेव्हाचं इंटरनेट हलकं होतं हे खरं, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण यंत्राला म्हातारं ठरवण्यात सॉफ्टवेअरचा केवढा वाटा असतो ते यातून दिसतं.

सरकारी पातळीवरही प्रयत्न झाले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स ही डिस्ट्रो काढली, मराठीसह भारतीय भाषांची सोय आतच देऊन. तमिळनाडूने विद्यार्थ्यांना फुकट वाटलेल्या लॅपटॉपमध्ये ती विंडोजच्या जोडीला होती. केरळ आणखी पुढे गेलं. तिथल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात, त्यावरच दहावीची आयटीची परीक्षा देतात आणि शिक्षकांना त्याचं रीतसर प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो लोकांना माउस हातात धरायला शिकवलं, हे काम मोठंच आहे. पण शिकवताना पडद्यावर विंडोज होतं, म्हणून संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण घट्ट बसलं. केरळने जे केलं ते महाराष्ट्राला जमण्यासारखं होतं आणि अजूनही आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता निवड. ४ जीबी रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंट तीन रूपांत मिळतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन देखणं आहे, पण नुसतं चालू होऊन बसलं तरी एक जीबीच्या वर रॅम घेतं. एक्सएफसीई त्याहून कमी घेतं आणि वाचलेली रॅम ब्राउझरच्या वाट्याला येते. खरा खादाड तोच असतो. विंडोजची सवय असलेल्या हाताला मिंट परकं वाटत नाही. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. ८ जीबी रॅम असेल तर खुशाल सिनॅमन घ्या. २ जीबी असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स बघा, आणि ब्राउझरमध्ये एका वेळी दोन-तीनच पानं उघडायची सवय लावा.

बॉस मी पहिल्यांदा वापरणाऱ्याला सुचवत नाही. त्यात खोट आहे म्हणून नव्हे. रात्री अकराला वायफाय बंद पडलं, तर मिंट किंवा उबुंटूवर तीच अडचण आधी येऊन गेलेले लोक जगभर असतात आणि उत्तर चटकन सापडतं. नवशिक्याला हाच आधार जास्त मोलाचा.

३२-बिट यंत्रांचं दुखणं वेगळं. २००८-०९ च्या सुमारास आलेले इंटेल ॲटम एन २७० चे छोटे नेटबुक निव्वळ ३२-बिट आहेत. मिंटने २०२० मध्ये ३२-बिट बंद केलं, आणि डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून त्याचा इन्स्टॉलर देणं थांबवलं. अँटीएक्ससारखी हलकी डिस्ट्रो त्यावर अजून चालते. त्या नेटबुकवर लिहिणं होईल, गाणी होतील. आजचं यूट्यूब मात्र रडतखडत.

डिस्ट्रो कुठली यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्याहून मोठा फरक एका छोट्या सुट्या भागाने पडतो: एसएसडी. जुन्या लॅपटॉपमधली फिरणारी हार्ड डिस्क काढून तिथं अडीच इंची साटा एसएसडी बसवली, की चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत उभं राहतं. हाती थोडेच पैसे असतील तर पहिला खर्च हाच करा. रॅम वाढवायची असेल तर दुकानदाराला मॉडेल दाखवा. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपना डीडीआर-३ एल, म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम लागते, जुनी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत बसते, पण यंत्र सुरूच होत नाही.

आणि लॅपटॉप उघडलाच आहे तर पंखा बघा. आपल्या वऱ्हाडात जिनिंगचा हंगाम असतो, टेक्स्टाइल पार्कमध्ये सूत असतं, उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पंखा आणि त्यापुढची तांब्या-ॲल्युमिनियमची जाळी यांच्या मधोमध धूळ आणि कापसाचे तंतू दाबून दाबून राखाडी नमद्यासारखा एक थर तयार होतो. बाहेरून तो दिसत नाही. पंखा काढल्यावर अख्खी पट्टी हाताने निघते. हवा अडली की प्रोसेसर तापतो, तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो लॅपटॉप स्लो झाला. तो थर काढून, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली तर निम्मा आजार लिनक्स टाकण्याआधीच जातो.

मग आपला माल बाहेर काढा. फोटो, कागदपत्रांच्या पीडीएफ, मुलांचे प्रोजेक्ट, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून फाइली खरंच उघडतात का ते पाहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी असेल, तर ते आत्ताच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या फाइलीत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

मिंटची आयएसओ फाइल जवळपास ३ जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात उतरत नाही, आणि मध्ये तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मिंटच्याच संकेतस्थळावर दिलेली टॉरेंट वापरा; ती जिथं थांबली तिथून दुसऱ्या दिवशी पुढे चालू होते. फाइल उतरल्यावर तिचा एसएचए-२५६ ठसा तपासा. हा ६४ अंक-अक्षरांचा ठसा असतो आणि फाइलीत एक बिट जरी बदलला तरी तो पूर्ण बदलतो. हे वेळखाऊ वाटतं, पण २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन डाउनलोडची लिंक बदलली गेली होती आणि त्या दिवशी काही लोकांनी चोरवाट ठेवलेली प्रत उतरवली होती. ठसा जुळला की मगच रूफस किंवा एचर हा प्रोग्राम वापरून ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाका. पेन ड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते जाईल.

मिंटच्या शेजारी विंडोजही ठेवायचं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजची डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवा.

आता पेन ड्राइव्ह लावून यंत्र चालू करा. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ-१२, एचपीला एस्केप मग एफ-९. एसरच्या अनेक मॉडेलांत आधी एफ-२ दाबून सेटिंगमध्ये एफ-१२ चा मेनू चालू करावा लागतो. पेन ड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत मिंटचा पडदा येतो. इथं थांबा. ही लाइव्ह अवस्था आहे. हार्ड डिस्कला अजून हात लागलेला नाही. वायफाय जोडून बघा, गाणं लावा, कॅमेरा बघा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा, झाकण मिटून उघडा. ही तपासणी फुकट आहे आणि दुकानात नवा लॅपटॉप घेतानाही कुणी करू देत नाही इतकी कसून करता येते. वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत ब्रॉडकॉमची चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. फोन यूएसबी केबलने जोडा, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट लगेच सुरू होतं, आणि मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर पुढचं काम करतो.

सगळं पटलं तरच पडद्यावरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, म्हणून चार्जर लावून आणि लाइन जायची वेळ टाळून बसा. डिस्कचे भाग पाडत असतानाच लाइन गेली तर विंडोज आणि फाइली दोन्ही अडचणीत येतात. खरा निर्णय एकाच पानावर असतो: विंडोजच्या शेजारी ठेवायचं, की सगळी डिस्क पुसून एकटं मिंट ठेवायचं. माझं मत असं की १२० जीबीची एसएसडी असेल आणि विंडोजचं एकही काम उरलं नसेल, तर पुसून मोकळं व्हा. दोन सिस्टीम ठेवल्या की जागा कुणालाच पुरत नाही. टॅली किंवा तसं काही लागणारच असेल तर शेजारी ठेवा, पण त्या विंडोजवर बँकेचा व्यवहार करू नका. दोन्ही ठेवल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसेल. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ भारताची समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक आज्ञा दिली की हे मिटतं.

अर्ध्या-पाऊण तासात मिंट बसतं. पहिल्यांदा नेट जोडून अपडेट करा. टाइमशिफ्ट चालू करा. पुढे काही बिघडलं तर ते सिस्टीमला मागच्या तारखेच्या चांगल्या अवस्थेत नेतं. लिबर ऑफिस आत असतंच. वर्डच्या फाइली त्यात उघडतात, गुंतागुंतीच्या मांडणीच्या फाइली थोड्या हलतात, म्हणून कॉलेजात जमा करायची प्रत पीडीएफ करून द्यावी.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत या गटात मराठीचे दोन आराखडे मिळतात: इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कगप. मी इनस्क्रिप्टचा आग्रह धरतो. सरकारी कामात तोच आहे, सगळ्या भारतीय भाषांना तोच चालतो, आणि मराठीची खास अक्षरं त्यात बिनघोर येतात. शेतकऱ्याचा सातबारा लिहायचा तर 'ऱ्या'साठी शिफ्ट धरून जेची कळ, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, मग ई. ळ हवा तर शिफ्ट आणि एन. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की बोटं आपोआप जातात. फॉन्टची चिंता नको. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी सांभाळलेला लोहित, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि छपाईतही नीट दिसतात. पुढचं शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीत आहेत, लिनक्सचेही आणि लिबर ऑफिसचेही. छोटे छोटे धडे, ऐकत ऐकत हाताने करून बघायचे.

पहिला आठवडा जड जातो. एखादं बटण सापडत नाही, कुणीतरी पाठवलेली इन्स्टॉलर फाइल उघडत नाही. लिनक्सवर प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचा असतो, कुठूनही उतरवायचा नसतो. ही एक सवय लागली की बाकीचं सोपं आहे.

तुमचं काम झालं की तो पेन ड्राइव्ह पुसू नका. मिंटची प्रत दुसऱ्याला देणं पूर्ण कायदेशीर आहे, परवाना तशी मुभा देतो. नांदगाव पेठेत, शेजारच्या गल्लीत, कुणाच्या तरी घरी असाच एक लॅपटॉप कपाटावर पडून असेल. त्यांना तो पेन ड्राइव्ह द्या, आणि पहिल्या दिवशी तासभर त्यांच्या शेजारी बसा.